गाठ रिकामी ठेवायची नाही

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, अंगभर गाठी असलेला. या गुंत्याच्या गाठी नाहीत हं. एकेक गाठ एकेका मुलाच्या मुठीसाठी मुद्दाम मारलेली आहे.

दयारामबाबांनी मला अंबाडीच्या वाखापासून वळलं. विहिरीवर बादली ओढायचो तेव्हा माझी फार वाहवा व्हायची. मग मोटर आली आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलो. उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली, पण त्यांनाही मी आवडलो नाही. शेवटी बाबांच्या सुनेने, धम्मशीलाताईंनी, मला उचललं, गाठी मारल्या आणि मी त्यांच्या अंगणवाडीत नोकरीला लागलो.

गावाला लागूनच अभयारण्य आहे. ताई मुलांना तिथे फिरायला नेतात. नियम एकच, गाठ रिकामी ठेवायची नाही. माझं पुढचं टोक ताईंच्या हातात आणि मागे पोरं. मदतनीस अंबूबाई खिचडीचा डबा घेऊन आधीच तळ्याकाठी जाऊन बसायच्या.

एकदा शेवटच्या गाठीला छोटी समता होती. वाटेत एक शेणकिडा शेणाची गोळी ढकलत चालला होता. समता थबकली. पण नियम म्हणजे नियम! तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढली, पट्टा माझ्या गाठीत अडकवला आणि किड्यामागे निघाली. भरलेली बाटली चांगली जड होती. ताईंना मागून ओढ लागत होती, म्हणजे समता आहेच! त्या खुशाल पळस दाखवत पुढे चालल्या.

मी मात्र घाबरून गेलो. या रानात अस्वलं आहेत, आणि आमची समता अस्वलालाही 'ये ना' म्हणणारी. पण दोराने हाक मारायची कशी? तेवढ्यात बोरीची काटेरी जाळी आली. मी तिच्यात शेपूट अडकवून घेतलं आणि हटून बसलो. सगळी पोरं एकमेकांवर धपाधप पडली.

ताई मागे वळल्या. गाठीला बाटली होती, समता नव्हती. साऱ्या रांगेला घेऊन त्या माघारी धावल्या. वळणापलीकडेच समता उकिडवी बसलेली दिसली.

“काऊन वं, गाठ काऊन सोडली?” ताईंनी धापा टाकत विचारलं.

“म्या नाही सोडली. माह्या बाटलीनं धरली होती ना!” समता म्हणाली. “ताई, बाजूले व्हा. त्याले जाऊ द्या.”

ताईंनी तिला पोटाशी घट्ट धरलं. त्यांना रडू आवरेना आणि हसूही. मग त्याही उकिडव्या बसल्या आणि किडा पाहायला अख्खी रांग बसली.

त्या दिवसापासून नियम बदलला. ज्याला काही पाहायचं असेल त्याने मला ओढायचं, मग सगळ्यांनी थांबायचं. मुंगी दिसली, ओढ! पीस दिसलं, ओढ! माझे धागे सुटायला लागलेत. म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. मला जरा हळू ओढा आणि पावसात भिजत टाकू नका. पण धराल तेव्हा स्वतःच्या मुठीने धरा, बाटलीच्या भरवशावर नको.

तेव्हापासून तळ्यापर्यंत आम्ही एकदाही पोचलेलो नाही. अंबूबाईही आता तिकडे जात नाहीत. पहिल्याच पळसाखाली खिचडी मांडून बसतात.