सिंधूला आणायला कोण गेलं?

“फोनवर विचारू नको, उज्वला. फोनवर सगळे ‘हाव, हाव’च म्हणतात. माझा भाऊ बी दर दिवाळीला येतोच म्हणतो!” सासूबाई तारामती असं म्हणाल्या, तेव्हा उज्वला हसली आणि तिने पुढचा नंबर लावला. मला आठवतं, कारण मी तिच्या कानालाच होतो.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. नांदेडच्या एका दुकानात काचेच्या कपाटात चकाकत होतो. उज्वलाने समाजकार्याची पदवी घेतली, तेव्हा तिने मला घरी आणलं. मैत्रिणी म्हणायच्या, “काय फोटो येतात गं!” मग ऋतुजा जन्मली. तिच्या दातांच्या खुणा माझ्या कडांवर आहेत. माझी काचही तिनेच पाळण्यातून फेकून तडकवली. तेव्हापासून माझा आवाज जरा बसलेला आहे.

बाळ लहान म्हणून उज्वलाने घरून होईल असं काम धरलं. एका संस्थेला माहिती हवी होती. कोर्टकचेरीत अडकलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या बायकांना नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कोण आधार देतं? राहायला जागा, फुकट वकील, हाताला काम, लेकरं सांभाळायला माणूस. उज्वला एका हाताने पाळणा हलवायची, दुसऱ्या हाताने मला धरायची. “सोय आहे का?” “आहे ना, मॅडम!” दिवसभर असे गोड आवाज. संध्याकाळपर्यंत माझं अंग तापायचं आणि तिचं डोकं.

एकदा एका वकीलबाईंचा फोन आला. सिंधू नावाच्या बाईला जामीन मिळाला होता. सासरच्या मारामारीत तिच्यावर केस झाली होती, त्यामुळे सासर आता बंद. तिला कुठं पाठवू?

“अहमदपूरला पाठवा. तिथं बायकांसाठी घर आहे,” उज्वलाने आपल्या यादीत बघून सांगितलं.

सिंधू एसटीत बसली. तिच्याकडे फोन नव्हता. ती पोहोचली का, हे विचारायला उज्वलाने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराचा नंबर लावला.

“कोण सिंधू?” तिकडून माणूस म्हणाला. “घराला तर कुलूप हाय, म्याडम. मी लातूरला बसतो.”

“मग सोय आहे असं का सांगितलंत?”

“सोय हाय की! पलंग हायत, पंखे हायत. बाया येत न्हाईत, म्हणून कुलूप.”

उज्वलाने वकीलबाईंकडून सिंधूच्या माहेरचा नंबर घेतला. तिने देवणीजवळच्या वस्तीवर सिंधूच्या भावाला, विरूपाक्षला, फोन लावला.

“इथं न्हाई आली. तुमच्याकडं हाय म्हणले की वकीलबाई.”

“तुम्ही आणायला का नाही गेलात?”

“ताई, मुराळी सासरी जातो, बहिणीला घेऊन येतो. जेलातून आणायची रीत कुठं हाय? गाव काय म्हणंल?”

उज्वलाने ऋतुजाला कडेवर घेतलं, मला पिशवीत टाकलं आणि अहमदपूरची बस धरली. नाव विचारत विचारत ती स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात पोहोचली, तर मागे सिंधू कपबशा विसळत बसली होती. रात्री हॉटेलवालीनेच तिला आत झोपू दिलं होतं.

“अगं, माहेरी का गेली नाहीस?”

“मुराळी आल्याबिगर माहेरच्या उंबऱ्यात कसं जाऊ, ताई? चोरावानी?”

भाऊ रीत नाही म्हणून थांबला होता आणि बहीण रीत आहे म्हणून. उज्वलाने परत विरूपाक्षला लावलं आणि मला सिंधूच्या ओल्या हातात दिलं. सिंधूने मला पदराने पुसलं आणि कानाला लावलं.

“दादा, च्या पिलास का?”

“...पिलो. तू?”

“मी कप धुवून राहिले. ये की प्यायला.”

दुपारी विरूपाक्ष आला. स्टँडच्या फाटकापाशीच उभा राहिला, मान खाली घालून म्हणाला, “चल.” सिंधू गेली. जाताना तिने ऋतुजाच्या गालाला हात लावला.

आता उज्वला अधूनमधून त्याला फोन करते. “बरी हाय, ताई. शेतात गेली.” “बरी हाय. झोपली हाय.” सिंधूचा आवाज मात्र त्यानंतर मी एकदाही ऐकलेला नाही. देवणीला जायला उज्वलाने कपडे भरले आणि नेमका ऋतुजाला ताप आला. ती कपाळावर पट्ट्या ठेवते, दाराकडे बघते, पुन्हा मला उचलते. माझी बॅटरी फुगली आहे. बोलणं मध्येच तुटतं.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं झालं आता. पण मला पाय नाहीत आणि तुम्हाला आहेत. तुमच्यापैकी कोणी घरच्यांबरोबर देवणीकडे निघालं, तर विरूपाक्षच्या घरी जरा थांबा. चौकशी करू नका. नुसतं पाणी मागा आणि तांब्या कोण घेऊन येतं ते बघा. सिंधू आली, तर तिचं नाव घेऊन विचारा, जेवलीस का म्हणून. आणि ती स्वतः उत्तर देईपर्यंत तिथून उठू नका.