नको म्हणणारा हात

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पोटात रोल घालावा लागतो अशातला. अंगावरचा काळा रंग कडांना उडाला आहे, आतलं पितळ दिसतं. भिंग मात्र अजून स्वच्छ आहे, हे जरा अभिमानानेच सांगतो.

कारखान्यात मला बायकांनी जोडलं. स्क्रू एवढे बारीक, की त्या श्वास रोखून बसवत. तिथून मी दुकानाच्या काचेमागे आलो आणि एक दिवस छापखान्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या गळ्यात पडलो. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून माझेही ते बाबाच.

बाबांचा हात सढळ नव्हता. "उगाच बटण दाबायचं नाही. रोल काय झाडाला लागतात?" असं ते लेकीला बजावत. तिला ते चिमणी म्हणायचे. त्यांचे दोन नियम होते. रोल पूर्ण भरल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, आणि शेवटचा फोटो घरातल्याच माणसाचा काढायचा. या नियमांत राहून अख्खी गल्ली माझ्या भिंगातून गेली. इस्त्रीवाल्याचं दुकान, नळावरच्या बादल्या, सायकलच्या दांडीवर बसलेली चिमणी. नवे फोटो आले की शेजारीपाजारी बघायला जमत आणि म्हणत, "कॅमेरा नशीबवान निघाला हो तुमचा." मला ते खरं वाटायचं.

मग ती सकाळ आली. चिमणीच्या आईला दवाखान्यात दाखल करायचं होतं. पिशवी भरून झाली होती, तरी ती भांडी घासूनच निघाली. बाबांनी पायरीवर मला डोळ्याला लावलं. "नको हो, हात ओले आहेत," म्हणत तिने तोच ओला हात पुढे केला. बाबांनी बटण दाबलं.

ती परत आली नाही.

रोलमध्ये थोडे फोटो उरले होते. बाबांना ते काढवेनात. आणि रोल अर्धवट धुवायला देणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी मला चामड्याच्या कव्हरात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि कुलूप लावलं. घर बदललं, गाव बदललं, कपाट तेच राहिलं. मित्रांनो, मी अंधारात होतो आणि माझ्या पोटातल्या अंधारात ती होती, हात पुढे केलेली. कव्हराची शिवण एका जागी उसवली होती. कधी कपाट उघडलं, की तिथून उजेडाची रेघ आत यायची. तीच माझी खिडकी. चिमणीचा अभ्यास, चिमणीचं लग्न, सगळं मी कानांनीच पाहिलं.

अखेर तिनेच मला खाली काढलं. आता ती स्वतः आई झाली होती. कडेवर तान्ही लेक आणि डोळ्यांत सतत धास्ती. गॅसचं बटण बंद केलं तरी पुन्हा फिरवून बघणार, दाराची कडी लावून जिन्यातून परत येणार. बाबा आता खुर्चीतून फारसे उठत नव्हते.

"बाबा, यात रोल आहे की रिकामाच?"

"आहे. थोडे उरलेत. आपल्या जुन्या गल्लीत जाऊन संपवून ये."

"आधीचे कशाचे आहेत?"

"आता काय आठवतंय," बाबा म्हणाले. "मागचं झाकण तेवढं उघडू नकोस."

त्यांना सगळं आठवत होतं.

गल्लीत शिरल्यावर ती थेट जुन्या घरापाशी गेली. दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. पायरी तीच, मधोमध झिजलेली. तिने पहिला फोटो त्या पायरीचाच काढला. मग इस्त्रीच्या जागी आलेलं मोबाईलचं दुकान, मग नळ नसलेला कोपरा. आणि तिथे तिचं नेहमीचं सुरू झालं. रोल पुढे सरकतोय ना? की नुसतीच टकटक? "एकदा बघून घेते. नाहीतर सगळी खेप फुकट," ती लेकीच्या कानात पुटपुटली आणि तिने माझी खुंटी चिमटीत धरली. ती वर ओढली, की झाकण उघडतं. झाकण उघडलं, की ऊन आत शिरतं, आणि मग पायरीवरची बाई कायमची पुसली जाते. मी काय करणार? मला डोळा आहे, तोंड नाही.

"कोण, चिमणी का गं?" समोरच्या खिडकीतून आवाज आला. शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. मशीन थांबवून, चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या. "केवढी झालीस. आधी त्या पोरीला टोपी घाल, भाजून निघतेय."

"घालते मावशी. जरा कॅमेरा बघत होते."

"बाबांचाच ना तो? तुझ्या आईला तुमच्या पायरीवर काढलं होतं त्यांनी. दवाखान्यात जायच्या सकाळी. नको नको म्हणत होती बिचारी. तो फोटो कुणाला दाखवलाच नाही त्यांनी."

चिमणीची बोटं तशीच राहिली. मग तिने ती एकेक करून खुंटीवरून काढली आणि मला पदराखाली घेतलं, लेकीच्या शेजारी.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एकच राहिलाय, बाबा." आधीचे कशाचे, हे तिने पुन्हा विचारलं नाही. बाबांनी हात पुढे केला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी बोटांना बटण सापडलं. शेवटचा फोटो घरातल्या माणसांचा निघाला. एक मोठं, एक तान्हं.

स्टुडिओवाल्याने रोल गुंडाळून बाहेर काढला, तेव्हा इतक्या वर्षांनी माझ्या पोटात उजेड शिरला. आधी मला तो बोचलाच.

फिल्मची पट्टी चिमणीने खिडकीशी धरली. जुनाट, धुरकट. एका चौकटीत पायरीवर आई, लगेच पुढच्या चौकटीत रिकामी पायरी. मध्ये केसाएवढी फट.

"आली का ती?" बाबांनी विचारलं.

"आली. हात पुढे करून नको म्हणतेय."

"मग तीच," बाबा म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मित्रांनो, मला आता उघड्या फळीवर ठेवलं आहे. तुमच्याही घरात वरच्या फळीवर माझ्यासारखा कुणी कोंडलेला असेल. त्याला जपायचं म्हणून कुलूप लावू नका. खाली घ्या, पुसा, कामाला लावा. फक्त झाकण उघडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी जरा बसा आणि विचारा, आत कोण आहे.