आधी पद

"साहेब, ह्यो शेवटचा शब्द काय म्हनायचा?"

बायडाबाईने हातातली पितळी पाटी मालकांच्या मुलापुढे, राजवर्धनसाहेबांपुढे धरली. शिरोलीच्या फौंड्रीतला तिचा आज शेवटचा दिवस. टाळ्या, पेढे, भाषण सगळं उरकलं होतं.

"एमेरिटस, मावशी," साहेब हसून म्हणाले. "मोठा मानाचा शब्द आहे. माणूस निवृत्त झालं तरी पद त्याच्याकडंच राहतं. पदाच्या मागं लावतात. कोअर मेकर एमेरिटस."

"म्हंजी आधी पद लागतंय?"

"लागतंय की."

"मग मला कवा दिल्यासा?"

साहेबांचं हसू थांबलं.

एकोणतीस वर्षं बायडाबाईने वाळूचे कोअर बनवले होते. पंप ओतताना त्याच्या पोटात पोकळी राहते ती त्या कोअरमुळे. तिचा कोअर कधी ढासळला नाही. नव्या पोरींना तिनेच शिकवलं. पण रजिस्टरात ती पहिल्या दिवसापासून आजपर्यंत 'हेल्पर'च. पुरुष दोन वर्षांत कोअर मेकर व्हायचे.

"मी आलो तवा हेल्पर, आज चाललो तवाबी हेल्पर. आन् रजिस्टरात न्हाई त्ये पद कसं राहतंय?"

"मावशी, जुनं रेकॉर्ड आता बदलता येत नाही."

"मग ही पाटी बी ठेवा तुमच्याकडं."

तिने पाटी टेबलावर ठेवली. मग तिच्याच हाताखाली शिकलेली क्रांती उठून तिच्या शेजारी उभी राहिली. पाठोपाठ कोअर शॉपच्या साऱ्या बाया उठल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि कंपनीचा कोरा कागद मागवला.

"मराठीत लिवा," बायडाबाई म्हणाली. "मला वाचाय याय पायजे."

त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बायडाबाईने पदराने हात पुसून कागद घेतला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं जुळवत, बोट फिरवत ती मोठ्याने वाचू लागली.

"बाय-डा-बाई आका-राम चौगुले... को-अर..."

सुटीचा भोंगा झाला. गेट उघडलं. एकही बाई जागची हलली नाही. भोंगा थांबेपर्यंत बायडाबाई बोट त्या अक्षरावर दाबून उभी राहिली, आणि मग पुढचं वाचलं.

"...मे-कर."