नखाची रेघ

कडक खळीच्या पांढऱ्या मांजरपाटावरून अंगठ्याचं नख सरळ ओढलं की एक आवाज होतो. कोरडा, बारीक, दातांच्या मुळाशी जाऊन बसणारा. माझ्या धाकट्या बहिणीची, सुलीची आठवण मला त्या आवाजातून येते. चेहऱ्यातून येत नाही, कारण तिचा चेहरा आता मासिकांचा झाला आहे. वैशाखातली दुपार, अनसिंगच्या बसस्टँडमागचं आमचं एकदारी शिलाईचं दुकान, तापून तडतडणारे पत्रे, आणि दारातून आत घुसणाऱ्या त्या निर्दय उजेडात फळीवर पालथी पडून, श्वास रोखून, बाबांच्या अंगठ्यामागे आपला इवलासा अंगठा ओढणारी सुली. तिची रेघ पहिल्याच दिवशी सरळ आली. माझी आयुष्यात कधी आली नाही, आणि हे बाबांनी मला कधी विसरू दिलं नाही.

बाबा म्हणजे गुणाजी टेलर. पांढरं शिवायचं तर गुणाजीकडे, अशी रिठदपासून शिरपूरपर्यंत त्यांची ख्याती होती. पांढऱ्या कापडावर खडू चालत नाही. पांढरा दिसत नाही, निळा धुतल्यावरही डाग ठेवतो. म्हणून बाबांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. हात साबणाने धुऊन, पंच्याने कोरडे करून, तोंडातली सुपारी थुंकून मगच ते पांढऱ्याला स्पर्श करत आणि नखाने रेघ ओढून त्यावरून कात्री चालवत. जी रेघ कापायची राहून जाई ती पहिल्या धुण्यात निघून जाई. मागं काही ठेवत नाही हेच तिचं चांगलं, असं ते म्हणायचे.

आणि पांढरा रंग आमच्या घरी शोकाचा नव्हता, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, नवरदेव पांढऱ्या कुडत्यात, आणि पौर्णिमेला विहाराच्या पायऱ्या चढणाऱ्या बाया चांदण्याच्या रंगाच्या दिसतात. आईची लग्नातली पांढरी साडी पेटीत होती. मी पंधरा वर्षांची आणि सुली सहा वर्षांची असताना आई तापाने गेली. त्यानंतर सुली ती साडी काढून तोंडावर घेऊन झोपायची. बाबांनी आम्हा दोघींना एकट्याने वाढवलं. स्वयंपाक मी शिकले, शिलाई ती शिकली.

सुलीला उसवायला फार आवडायचं. बाही खांद्याला कशी बसली आहे हे पाहायला ती ब्लेड घेऊन टाका न् टाका मोकळा करी, दोन्ही तुकडे उजेडात धरी, डोळे बारीक करून पाही, आणि तिचं कुतूहल संपलं की ते तिथेच टाकून उठून जाई. शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी शिवलेला माझा ब्लाउज तिने असाच आदल्या दिवशी सोलून ठेवला होता. मी रडतरडत पुन्हा शिवला. ती दारात उभी राहून पाहत होती, आणि तिच्या नजरेत दुष्टपणा नव्हता, नुसती एकाग्रता होती. तेच जास्त भयंकर होतं, हे मला फार उशिरा कळलं. उसवणारीचं नाव होतं, शिवणारीचं होत नाही, एवढा व्यवहार मी तेव्हाच शिकायला हवा होता.

मग नागपूर, मग मुंबई, मग अमेरिका. माझ्या पगारावर माझं आणि बाबांचं घर चाललं, तिच्या बुद्धीवर तिचं. आईची पांढरी साडी ती सोबत घेऊन गेली; मला विचारलंसुद्धा नाही. तिथे काही वर्षं ती दुसऱ्यांच्या नावाखाली कापडं कापत राहिली, तिथली नागरिक झाली, आणि एका शिशिरात तिने स्वतःच्या नावाने पहिलं प्रदर्शन मांडलं. त्याची चित्रफीत मी फोनवर पाहिली. अंधाऱ्या दालनातून अनवाणी मुली चालत येत होत्या, सगळ्या पांढऱ्यात. ना नक्षी, ना बटण, ना काठ. प्रत्येकीच्या पाठीवर मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ, न कापलेली, न शिवलेली, नुसती उमटलेली. बाबांची रेघ. फरक एवढाच की सुलीने ती कसल्याशा वाफेने कायमची पक्की करून घेतली होती. कितीही धुवा, जात नाही. जगाने तिला डोक्यावर घेतलं ते त्या रेघेसाठी. मी ती फीत लागोपाठ दोनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा पाहताना मला तिचा संताप आला, कारण ते सुंदर होतं.

काही महिन्यांनी तिने तिथलं एक मासिक पाठवलं. आत तिचं पानभर छायाचित्र, मांडीवर आईची साडी. रविवारी सकाळी तिचा नेहमीचा फोन आला तेव्हा म्हणाली, बाबांना फक्त फोटो दाखव. का ते मला मजकूर वाचल्यावर समजलं. मुलाखत घेणाऱ्या बाईने ती साडी पाहून विचारलं असणार, तुमच्याकडे पांढरं म्हणजे विधवा ना? आणि सुलीने मान हलवली असणार. एवढंच. आमच्या कुळातल्या लेकीने, पांढऱ्यात लग्न लागताना पाहत वाढलेल्या पोरीने, नुसती मान हलवली. त्या एका मानेतून पानभर गोष्ट उगवली होती: सुली पाच वर्षांची असताना वडील वारले, आई तरुणपणीच विधवा झाली, जन्मभर पांढरं नेसून लोकांचे कपडे शिवत राहिली, खडू घ्यायचीही ऐपत नव्हती म्हणून नखाने रेघ ओढायची. मेलेल्या आईला तिने जिवंत केलं होतं आणि जिवंत बापाला मारून टाकलं होतं.

मी फोन करून तिला काहीबाही बोलले. ती शांतपणे म्हणाली की आता ते बदलता येत नाही. लोक कपडा नाही, गोष्ट अंगात घालतात. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तीच गोष्ट आली, दरवेळी थोडी अधिक भरतकाम केलेली.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते पान घेऊन ते वाशीमला गेले, त्यावर प्लॅस्टिक चढवून आणलं आणि दुकानात आरशाशेजारी टांगलं. पंच्याच्या टोकाने रोज पुसत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत: ही माही पोरगी, अमेरिकेत राह्यते, हे रेघ माही हाये. कॉलेजात जाणाऱ्या मुली माप द्यायला येत तेव्हा ते पान वाचत, मग बाबांकडे बघत, मग जमिनीकडे. माप देत आणि निघून जात. स्वतःच्या मरणाची बातमी एक माणूस सात वर्षं पुसूनपुसून लखलखीत ठेवत होता, आणि मी, त्याच्याजवळ बसून काजं करणारी, गप्प होते.

काजं करणारी म्हणजे काय, तेही सांगते. बाबांची नजर अधू झाली होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुरपाई, हूक, काजं, कॉलर, सगळं मी करत होते. ते फक्त नखाने रेघ ओढत, आणि ती वाकडी आली की मी मुकाट्याने सरळ कापत असे. कपडा मात्र गुणाजी टेलरचा. त्याला माझी हरकत नव्हती. लग्न केलं नाही, बाबांना सोडून गेले नाही, यालाही कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

पण एका फाल्गुनातल्या दुपारी, बसस्टँडकडच्या रस्त्यावर पळसाची फुलं पडून काळवंडत होती त्या दिवसांत, रिठदच्या एक बाई मुलीच्या लग्नाचा पांढरा ब्लाउज न्यायला आल्या. काम पाहून हरखल्या. बाबांनी लगेच पान दाखवलं, नेहमीचं बोलले, आणि मग माझ्याकडे अंगठा करून, हसत, लाडात म्हणावं तसं म्हणाले, "हातात कला असा लागते. ते लहानीच्या हातात होती. हे मोठी आपली मास्तरीण, इच्या हाताले सुई लागत नाही."

त्या ब्लाउजचा टाका न् टाका माझा होता. बाई गेल्या. मी सुई पुडीत खोचली, पान खिळ्यावरून काढलं, बाबांसमोर स्टुलावर बसले आणि एकेक ओळ मराठीत करून वाचून दाखवली. सावकाश. वर्गात वाचायचे तसं, विरामचिन्हांसकट. मला दया आली असं मी म्हणणार नाही. वाचताना माझा आवाज जितका स्वच्छ लागला तितका आधी कधी लागला नव्हता.

ते ऐकत होते. उजव्या अंगठ्याचं नख मांडीवरच्या कापडावर पुढेमागे करत होते. वाचून संपलं तेव्हा रस्त्यावरून बस गेली, तिची धूळ उन्हात तरंगत आत आली.

"कायनं मेलो म्हणते मी?" त्यांनी विचारलं.

"ते नाही लिवलं."

"बिमारी तं लिवाले पायजे होती," ते म्हणाले. "कोनं इचारलं तं काय सांगू?"

मग त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून पान घेतलं, पंच्याने पुसलं, आणि चाचपडत खिळा शोधून पुन्हा टांगलं. दुसऱ्या दिवशीही गिऱ्हाइकाला दाखवलं. फक्त "रेघ माही हाये" हे वाक्य त्यातून गळलं होतं. सुलीला त्यांनी कधी काही विचारलं नाही. मलाही काही म्हणाले नाहीत, आणि ते मला शिवी दिल्याहून जड गेलं.

त्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. झोपेत स्वतःलाच ओरबाडत. एका सकाळी गरम पाण्यात हात बुडवून मी ते नख कापलं. ते मुलासारखे बसून राहिले. कापलेला तुकडा त्यांनी मुठीत मागून घेतला, नंतर कुठे टाकला ठाऊक नाही.

श्रावणात ते गेले. बाहेर सोयाबीन कमरेइतकं हिरवं होतं, आभाळ खाली उतरलं होतं, आणि घरातला उजेड ओल्या कापडातून गाळल्यासारखा येत होता. पांढरी चादर पांघरून त्यांना ठेवलं होतं. सकाळी मी सुलीला व्हिडिओवर फोन लावला. ती रडली, खरंच रडली. तेवढा न्याय मी तिला देते. मग म्हणाली, "ताई, त्याइचा अंगठा दाखव."

मी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "नख कायले कापलं?" एवढंच विचारलं. तिने डोळे पुसले, मान सरळ केली, आणि लहानपणी उसवलेली बाही उजेडात धरताना व्हायची तशी तिची नजर झाली.

"ताई, पेपरात माहं नाव नको येऊ देऊ. इकडं सगळ्याइले वाटते का बाबा मी लहान असतानीच गेले."

मी बरं म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला सुख झालं. वार्ताहर आला तेव्हा मजकूर मीच लिहून दिला. गेलेल्याच्या नावाने विहारात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेतही तोच छापला. गुणाजी टेलर, अनसिंग, पांढऱ्या कपड्यांचे कसबी शिवणकार; त्यांच्या पश्चात एक मुलगी असा परिवार आहे. एक. माझ्या लेखणीच्या एका ओढीने मी सुलीला तसंच मारलं जसं तिने बाबांना मारलं होतं, आणि अक्षर सुंदर आलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, जेवणं उठली. मी दाराशी हात जोडून उभी होते. शिरपूरचे एक वृद्ध गृहस्थ, बाबांचे जुने गिऱ्हाईक, पत्रिका डोळ्यांशी धरून वाचत होते. वाचून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"हो, एकच पोरगी होती त्याइले. अमेरिकेत राह्यते ते. येळोयेळी फोटो दाखवत," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहून आपुलकीने विचारलं, "तुमी कोन, बाई?"

मी म्हणाले, मी दुकानात काजं करते.

आता दुकान बंद आहे. ते पान मी उतरवलेलं नाही, पुसतही नाही. त्यावर धूळ बसते आणि सुलीचा चेहरा दरवर्षी थोडा मागे जातो. कधी दुपारी कुलूप काढून मी फळीवर मांजरपाट पसरते, हात साबणाने धुते, आणि वाढवलेल्या नखाने रेघ ओढून पाहते. अजून वाकडीच येते. मग तो तुकडा बादलीत बुडवते, आणि पाण्यातून बाहेर निघालेल्या त्या कोऱ्या पांढऱ्यावर कोण होतं, कोण नव्हतं, हे काळालाही वाचता येत नाही.