तासाचा काटा नसलेले घड्याळ

मित्रांनो, मला कधी कोणी वेळ विचारली नाही. विचारून उपयोगही नव्हता, कारण मला तासाचा काटाच नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका कॉलेजच्या पोहण्याच्या तलावावरचे मी जुने घड्याळ. एक लांब लाल सेकंदकाटा, साठपर्यंतचे आकडे आणि विजेची वायर, एवढाच माझा संसार. काटा वर आला की मुले पाण्यात झेपावत. परत येऊन भिंतीला हात लावला की धापा टाकत आधी माझ्याकडे बघत. तेवीस वर्षे त्यांची पहिली नजर माझी होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

मला इथे टांगले ते कोच व्हर्लिन हॉगेन यांनी, स्वतः शिडीवर चढून. शिकवायचे पोहायला, पण जीव सगळा फुटबॉलवर. शनिवारी सामना असला की गुरुवारपासूनच अंगात कॉलेजचा पिवळा स्वेटर आणि तोंडी फुटबॉलचे कोच डग स्ट्रिकलंड यांचे नाव. स्ट्रिकलंडचा पगार व्हर्लिनच्या पंचवीस पट होता. व्हर्लिनना त्याचे काही वाटत नसे. वाटायचे ते टेसाला.

टेसा ब्रँडव्होल्ड उताणी पोहायची आणि तोंडाने भारी फटकळ होती. पहिल्याच वर्षी तिने काठावरून विचारले, "कोच, स्ट्रिकलंडच्या पगारात आपला तलाव किती वर्षं तापेल हो?"

"पोरी, तो जिंकतो म्हणून स्टेडियम भरतं. तुझ्या शर्यतीला कोण येतं? तुझी आई आणि माझी बायको."

"आणि तुमची बायको विणत बसते!"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने व्हर्लिन.

त्या वर्षी फुटबॉलचा संघ नऊ सामने जिंकला आणि आवई उठली की स्ट्रिकलंडना एक बडे कॉलेज पळवणार. गावाचा जीव टांगणीला लागला. त्यांना दहा वर्षांचा करार द्या, असा अर्ज गावभर फिरू लागला. व्हर्लिननी त्याची एक प्रत माझ्याच खाली चिकटवली आणि ओल्या हातांनीच मुलांना सह्या करायला लावल्या. टेसाने नाक मुरडले. पण कोचांचा चेहरा उतरलेला पाहून तिनेही सही केली. शाई पसरली.

करार झाला. पुढची दोन वर्षे संघाने सपाटून मार खाल्ला. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच आता "हाकला त्याला" म्हणू लागले. एका सोमवारी कॉलेजने स्ट्रिकलंडना काढले, पण करार कुठे जातो? उरलेली आठ वर्षे त्यांना घरी बसून पगार मिळणार होता. वर नवा कोच, त्याचा पगार आणखी मोठा. हे सगळे कुठून तरी निघायला हवे होते, म्हणून पोहणे बंद करायचे ठरले.

व्हर्लिननी मुलांना माझ्याखाली बसवून हे सांगितले.

"आम्ही हरलो का, कोच?" टेसाने विचारले. "माझं एकच वर्ष राहिलंय. राष्ट्रीय स्पर्धेत जायला चार दशांश सेकंद कमी करायचेत. फक्त चार."

"नाही गं. तुम्ही नाही हरलात."

"मग?"

"स्ट्रिकलंडसाठी गावभर सह्या झाल्या. तुमच्यासाठी कोणी साधा कागद काढला नाही. मीसुद्धा नाही."

 

पाणी सोडून दिले त्या दिवशी व्हर्लिननी माझ्या वायरीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. बहुधा त्यांच्याने ते झाले नाही. तेव्हापासून माझा काटा एकटाच फिरतो आहे. खाली कोरड्या फरश्या आहेत. भिंतीवर त्या अर्जाच्या चिकटपट्टीचे चार तुकडे अजून आहेत. किती महिने गेले ते मला सांगता येत नाही. मला साठपर्यंतच मोजता येते आणि मग पुन्हा पहिल्यापासून. खूप एकटे वाटते, मित्रांनो.

आवडत्या माणसासाठी टाळ्या खुशाल वाजवा. पण त्याला काही देण्याच्या कागदावर सही करण्याआधी, ज्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही त्यांच्या दारात एकदा डोकावून या. जमले तर इथेही या. वायर काढलीत तरी मी रागावणार नाही. पण पाणी भरलेत तर टेसाला सांगा, काटा वर येतो आहे.