बारा गाठींचा काटकोन

दवाखान्याच्या कपाटांची आठ दारं केली आणि आठही बसेनात. वर घासायची, खाली फट. बाबांनी तिसऱ्यांदा रंधा मारला, मग तो खाली ठेवून म्हणाले, "हात गेला माझा. उद्यापासून दुकान तूच बघ."

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस! हात कुठला जातोय त्यांचा, गेला होता तो गुण्या. कोपरा काटकोनी आहे का ते ज्याला लावून बघतो, तो आमचा लोखंडी गुण्या. सोमवारी मीच पाडला होता फरशीवर, ठणकन. पुसून जागेवर ठेवला आणि मूग गिळून बसले.

"बाबा, थांबा." फळीच्या कडेला गुण्या लावून मी रेघ मारली. तो उलटा करून तिथूनच दुसरी मारली. खरा असता तर रेघेवर रेघ बसली असती. दोन्ही वर जाता जाता फाकल्या. "माझ्या हातून पडला होता. सांगायची छाती झाली नाही."

आता तोफ सुटणार म्हणून मी डोळे मिटले. पण बाबा रेघा बघत होते, मग स्वतःची बोटं. डोळे भरले होते त्यांचे.

"नवा आणते," मी म्हणाले.

"आणशील. पण तो खरा कशावरून, शहाणे? सुतळी आण."

सारख्या अंतरावर गाठी मारून सुतळीचे बारा भाग केले आणि टोकं जोडली. एका गाठीत खिळा ठोकला. एकीकडे तीन भाग मोजून मी ओढलं, दुसरीकडे चार मोजून त्यांनी. उरलेले पाच आमच्या दोघांत ताणले गेले आणि खिळ्यापाशी कोपरा उभा राहिला. त्यावरून फळीचा तुकडा कापला, सुलटा-उलटा ठेवून रेघा मारल्या. एकच रेघ!

अंगावर काटा आला माझ्या. ना लोखंड, ना कारखाना, साधी पुडी बांधायची सुतळी, आणि तिच्यात हा कोपरा दडून बसलेला!

"तीन, चार, पाच... हे ठरवलं कुणी, बाबा?"

"कुणीच नाही. मलाही अजून नवल वाटतं." त्यांनी सुतळीवरून अंगठा फिरवला. "लोखंड पडतं, बाई. काटकोन पडत नाही. पण पडलं की सांगायचं."

मी मान खाली घातली.

"सात दारं तू परत करायची," ते म्हणाले. "आठवं माझं." आणि त्यांनी रंधा उचलला.