लिफ्टचं वर्षश्राद्ध

आमच्या गावात माणूस गेला की त्याचा फोटो असलेला कागद इमारतीच्या दारावर लागतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला पुन्हा. त्यामुळे आमच्या दारावर जिवंतांपेक्षा मेलेल्यांची गर्दी जास्त, आणि खरं सांगायचं तर त्यांचे चेहरे आमच्यापेक्षा टवटवीत. लिफ्ट बंद पडून वर्ष झालं तेव्हा मीही एक कागद लावला. काळी चौकट, मधे लिफ्टच्या दाराचा फोटो, खाली मजकूर: "आमच्या लाडक्या लिफ्टला जाऊन आज एक वर्ष झालं. जन्मभर ती वर-खाली करत राहिली, कुणाला नाही म्हणाली नाही. तिच्या आजारपणात नगरपालिकेनं एकदाही डोकावून पाहिलं नाही. शोकाकुल: आठही मजले." तसाच एक कागद, खाली माझी सही करून, नगरपालिकेच्या दारावरही चिकटवून आलो.

मी मेतोदी. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो, आता घरी बसतो. इमारत नगरपालिकेच्या मालकीची, आम्ही सगळे तिचे भाडेकरू, आणि भाडेकरूंचा म्होरक्या म्हणून माझी निवड झाली, कारण त्या सभेला मी उशिरा पोचलो होतो.

कागद वाचून गाव हसलं. घरबांधणी खात्याचा गाजेव तेवढा हसला नाही. तो दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन आला.

"हे तुम्ही लिहिलंत, मास्तर?"

"हो. विनोद आहे तो, गाजेव."

"सही तुमची आहे. म्हणजे लिफ्ट मृत झाल्याचं भाडेकरूंनी लेखी कळवलं."

"अहो, मृत म्हणजे बंद पडलीय. एक मोटर बदलली की चालेल."

"दुरुस्ती जिवंत वस्तूची होते. मेलेली वस्तू आम्हाला मालमत्तेतून वगळावी लागते. सकाळीच वगळली. आता नवी पाहिजे तर ते नवं बांधकाम झालं, त्याचा विचार निवडणुकीनंतर."

मी कपाळाला हात लावला. या माणसाला ओलीबद्दल तक्रार केली होती तेव्हा त्यानं सांगितलं होतं की भिंती ओल्या होतात त्या आम्ही घरात सूप उकळतो म्हणून. सूप न उकळणाऱ्या रिकाम्या घरातही बुरशी छतापर्यंत चढली होती, ती कुणाचं सूप पिऊन, ते त्यानं सांगितलं नाही.

आम्ही बाकीचे धापा टाकत का होईना, जिने चढत होतो. खरी अडकली ती सातव्या मजल्यावरची स्टोयमेन्का. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं उभी राहून तिच्या गुडघ्यांचा भुगा झालाय, आणि अंगानं ती चांगली भरलेली. एकदा आम्ही चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणायचं ठरवलं. पाचव्या मजल्यावर आमच्यातल्या झिवकोची कंबर धरली. मग खुर्चीत झिवकोला बसवून खाली न्यावं लागलं, आणि स्टोयमेन्का कठड्याला धरून, दर पायरीला नगरपालिकेचा उद्धार करत, पुन्हा वर गेली. त्यानंतर ती उतरलीच नाही.

बाकी सगळं तिला चालायचं. भाजी दोरीला पिशवी बांधून वर घ्यायची, डॉक्टरला फोनवरून शिव्या घालायची. एकच गोष्ट तिला खात होती. जूनमधला मृतांचा शनिवार. त्या दिवशी बायका उकडलेले गहू, वाइन आणि मोसमातल्या पहिल्या चेरी घेऊन कबरीवर जातात. ज्याचं माणूस गेलंय तो त्याआधी चेरी तोंडात घालत नाही. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, वांगेलच्या कबरीवर तिच्या वतीनं मी गेलो होतो. परत आल्यावर माझी उलटतपासणी झाली.

"वाइन कुठून ओतलीस?"

"उशाकडून, काकू."

"त्याला पायाकडून लागायची. आणि बोललास काय त्याच्याशी?"

"मी काय बोलणार?"

"तेच म्हणते मी. वर्षातून एकदा माणूस वाट बघतो, आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो कोण, तर हा मुका." मग ती खिडकीकडे वळली. "या वर्षीही नाही गेले, तर मी त्याला टाकलं असंच तो समजेल."

तिचे डोळे भरून आले होते आणि मला गाजेवचा गळा धरावासा वाटत होता.

मे महिन्यात नगरपालिकेनं आमच्यावर खर्च करायचा ठरवला. आत नव्हे, बाहेर. इमारतीला पीचचा रंग, त्यावर हिरव्या लाटा, म्हणजे हमरस्त्यावरून जाणाऱ्या मतदाराचं मन प्रसन्न होईल. खिडक्यांतून वारा येत होता तो येतच राहिला, फक्त आता तो रंगीत भिंतीतून येऊ लागला. पण रंगासाठी परांची बांधली आणि परांचीला लागून, पार गच्चीपर्यंत, रंगाचे डबे चढवायचा विजेचा पाळणा बसवला. त्यावर पाटी होती: माणसांना मनाई. तो दिवसभर स्टोयमेन्काच्या बाल्कनीसमोरून वर-खाली जात होता.

तिसऱ्या दिवशी तिनं रंगाऱ्यांचा मुकादम देल्चो याला बाल्कनीतून भरल्या मिरच्यांचं ताट दिलं. आठवडाभर दिलं. मग विचारलं, "हे तुझं यंत्र किती वजन उचलतं?"

"अर्धा टन, काकू. पण माणूस चालत नाही. माझी नोकरी जाईल."

"माणूस कोण म्हणतंय? मी वर्षभर या घरात पडून आहे. डबाच समज."

देल्चो हळूच म्हणाला, "शनिवारी सकाळी साहेब लोक नसतात."

जूनमधल्या त्या मृतांच्या शनिवारी ती काळा पोशाख, काळा रुमाल, मांडीवर गव्हांचं पातेलं आणि चेरींची पिशवी अशी स्टुलावर बसून पाळण्यातून उतरली. दोन्ही बाजूंना रंगाचे डबे होते. मजल्यामजल्यावर लोक खिडकीत आले, आणि ती प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होती. चौथ्या मजल्यावर तिनं देल्चोला थांबवलं आणि तिथल्या बाईला सांगितलं, "तुझ्या पडद्यांना किती दिवसांत पाणी दाखवलं नाहीस गं?" खाली मी गाडी घेऊन उभा होतो. जमिनीला पाय लागले तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला.

कबरीवर तिनं वाइन पायाकडून ओतली आणि मला लांब जायला सांगितलं. ती बराच वेळ बोलत होती. मधे एकदा हसलीही. निघताना पहिली चेरी खाल्ली आणि म्हणाली, "सगळं सांगितलं त्याला. तुझ्या नगरपालिकेचंही."

आम्ही परत आलो तर पाळणा नव्हता. त्याचे लोखंडी भाग ट्रकमध्ये रचून ठेवले होते. देल्चो माझी नजर चुकवत होता.

"नगराध्यक्ष आज येतायत, मास्तर. अचानक ठरलं. साहेब म्हणाले, फोटोत पाळणा दिसतो, काढा."

नगराध्यक्ष आलेच होते, कॅमेरे आणि गाजेवसकट. तळमजल्यावरच्या जुन्या सायकलींच्या खोलीत त्यांनी नूतनीकरण माहिती केंद्र थाटलं होतं. आत गालिचा, सोफा, हीटर, कोपऱ्यात संडास-बाथरूम, आणि काचेखाली आमच्याच इमारतीची पीच रंगाची प्रतिकृती. लिफ्टच्या दुप्पट खर्च या एका खोलीवर झाल्याचं नगराध्यक्षांनी अभिमानानं सांगितलं, फक्त लिफ्टचं नाव न घेता. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग त्यांचं लक्ष काळ्या रुमालाकडे गेलं.

"काय आजी, आवडला का रंग?"

"घराला छान दिसतो. मला घरी जायचंय. सातवा मजला."

नगराध्यक्षांनी जिन्याकडे पाहिलं. गाजेवनं नगराध्यक्षांकडे पाहिलं. झिवको माझ्या मागे होता, त्यानं कंबरेला हात लावला. कॅमेरा चालू होता.

"गाजेव बघतील," नगराध्यक्ष म्हणाले आणि गाडीकडे वळले.

स्टोयमेन्का माझा हात सोडून माहिती केंद्रात शिरली. तिनं भिंतीवर तळवा टेकला, मग दुसऱ्या भिंतीवर, मग सोफ्यामागच्या. तळवा उलटून पाहिला. मग सोफ्यावर बसली, बूट काढले, पातेलं प्रतिकृतीच्या काचेवर ठेवलं आणि आत डोकावणाऱ्यांना वांगेलच्या नावानं गहू वाढायला लागली.

गाजेव पाच वाजेपर्यंत दारात घोटाळत होता.

"बाई, केंद्र बंद करायची वेळ झाली. मला कुलूप लावायचंय."

"लाव की," ती पाय सोफ्यावर घेत म्हणाली. "वर्षभर वर कोंडलं होतंत, तिथं भिंतीतून पाणी गळायचं. इथं कोरडं आहे."